मागच्या दाराचा वाद आणि आमच्या गटाच्या इतर बातम्या

खटखट

मागे एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की तुमच्या अपंग मदतगटात नेमकं चालतं तरी काय. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही सगळे मिळून तीसेक जण. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी कुबड्यांवर, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, दोघींच्या मुलांना सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा कमी राहतो ते). मला पोलिओ, डाव्या पायात आधाराचं कॅलिपर आणि दोन कुबड्या. मी दिसायच्या आधी माझा आवाज पोचतो, म्हणून हे सदस्यनाम. महिन्यातले दोन रविवार भेटतो. एक गप्पांचा, एक दुरुस्तीचा. गप्पांच्या रविवारचं सांगण्यासारखं दर वेळी काही असतंच असं नाही. दुरुस्तीच्या रविवारी मात्र जमिनीवर नट आवळायचे पाने, पंप, जुन्या ट्यूबा, खुर्च्या उलट्या केलेल्या आणि त्यांचे मालक शेजारी बसून सूचना सोडताहेत, असा सगळा पसारा.

मोठी बातमी म्हणजे जागा बदलली. जुन्या जागेची लिफ्ट बंद पडली आणि ती सुरू कधी होणार, याचं उत्तर कुणी देईना. नवी जागा तळमजल्यावर. फोनवर विचारलं तेव्हा उत्तर आलं, "हो हो, रॅम्प आहे ना." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की मोजपट्टी पिशवीत टाकायची असा नियमच झालाय. चौघं गेलो.

पुढच्या दाराला तीन पायऱ्या आणि त्यांच्यावर टाकलेली सहा फुटी फळी. जागा सांभाळणारे काका भलतेच उत्साही. फळीवर उभं राहून त्यांनी दोन उड्या मारून दाखवल्या. "बघा, जराही वाकत नाही." फळीच्या मजबुतीबद्दल कुणाला शंका नव्हतीच, अडचण चढाची होती. पायरी मोजली, १५ सेंटिमीटर. तीन पायऱ्या म्हणजे ४५. चढ १ असेल तर लांबी निदान १२ हवी, हा हिशेब बहुतेक ठिकाणी धरतात. म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५ मीटर ४० सेंटिमीटर रॅम्प लागतो. सहा फूट म्हणजे १ मीटर ८३. काकांची फळी जवळजवळ एकास चार होती. अशा चढावर वर जाताना खुर्ची मागे उलटू शकते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो.

काका म्हणाले, "एवढं काय, मी धरतो की." आमच्याकडे एक जादा खुर्ची होती. त्यांना तीत बसवलं, मागे दोघं उभे केले आणि म्हटलं, चढा. काकांनी दम लावून चाकं फिरवली, वीतभर वर गेले, तेवढेच मागे आले. परत एकदा. मग उतरले, काही न बोलता आत गेले आणि सुतळीचं बंडल घेऊन आले. "कुठून कुठपर्यंत धरू, सांगा."

सुतळी धरल्यावर कळलं, ५ मीटर ४० पुढच्या बाजूला बसतच नाही. फाटकापर्यंत जेमतेम ४ मीटर. वळणाचा रॅम्प करावा तर मध्ये खुर्ची वळायला दीड मीटरचा सपाट चौक हवा, तेवढी रुंदी नाही. मग काकांनीच मागचं दार दाखवलं. तिथे एकच पायरी, १३ सेंटिमीटर. म्हणजे १ मीटर ५६ चा रॅम्प, आणि जागा भरपूर. चौकट ८४ सेंटिमीटरची, पण दारामागे कपाट असल्यामुळे दार पुरतं उघडत नव्हतं. मोकळी जागा उरत होती ७१. आमच्यातली सगळ्यात रुंद खुर्ची ६८ ची. कागदावर सहज जाते. प्रत्यक्षात हात चाकावर असतात आणि बोटांची सालटी चौकटीला राहतात. कपाट सरकवायचं ठरलं.

तर आता आम्ही मागच्या दाराने आत जाणार. आणि यावरूनच गटात जुंपली. निम्म्यांचं म्हणणं, जागा मिळाली हेच खूप, जाऊ मागून. उरलेल्यांचं म्हणणं, जन्मभर मागच्या दारानं, सामानाच्या लिफ्टनं, कचऱ्याच्या बोळातून जात आलो. आपल्या स्वतःच्या गटातही तेच? मी पहिल्या बाजूची आहे. इथल्या मंडळींना काय वाटतं?

चाकोरीबाहेर

जुंपवणारा मीच, म्हणून हजेरी लावतो. पाठीच्या कण्याला दुखापत, ११ वर्षं खुर्चीत.

ताईंनी सगळं मोजलं, एक गोष्ट मोजली नाही. मागच्या दाराला आतून कडी आहे. ती काढायला आत कुणीतरी असावं लागतं. मी सगळ्यांच्या आधी पोचलो तरी आत जाणार सगळ्यांच्या शेवटी. पुढच्या दारापाशी लोक थांबतात, कोण आलं कोण नाही ते तिथे कळतं, निम्म्या गप्पा तिथेच होतात. मी झाडू आणि मोडक्या खुर्च्यांच्या खोलीतून येईपर्यंत त्या संपलेल्या असतात.

आणि कपाट हलवायला सगळे तयार. पायरी हलवायचं नाव काढलं की "अहो कसं शक्य आहे".

सहा ठिपके

मागच्या खोलीबद्दल अजून एक. माझी पांढरी काठी जमिनीवरचं सांगते. छातीच्या वर काय आहे ते तिला कळत नाही. त्या खोलीत कपाटाचं एक दार अर्धवट उघडं राहतं, ते मला पहिल्याच दिवशी कपाळाने शोधून काढावं लागलं. तेव्हा कपाट "सरकवणार" असाल तर त्याचं दारही लागतंय ना, ते बघा.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. जागा बदलल्याची सूचना आपल्या व्हॉट्सॲप समूहावर कशी आली होती? एक रंगीत चित्र. त्यात जागा, वेळ, नकाशा, सगळं म्हणे छान मांडलं होतं. माझ्या फोनने मला वाचून दाखवलं: "फोटो." खाली अकरा जणांचे अंगठे, तेही वाचून दाखवले. मी त्या रविवारी जुन्या जागी गेलो आणि बंद फाटकापुढे पंचवीस मिनिटं उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. सांगितलं होतं हो, अकरा जणांना आवडलंही होतं.

बोटंबोलकी

सहा ठिपके दादा, हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. पण आता माझंही ऐका (!). त्या प्रकारानंतर सगळ्यांनी ठरवलं, फोटो नकोत, आपण बोलून पाठवू. तेव्हापासून समूहावर नुसते आवाजी निरोप. तुमचा चार मिनिटांचा निरोप म्हणजे माझ्यासाठी एक वेडीवाकडी रेघ. लांब रेघ आली की समजते, काहीतरी महत्त्वाचं असणार.

मी जन्मापासून बहिरी. खुणांची भाषा माझी पहिली, मराठी दुसरी. खुणांची भाषा जगभर एकच असते असं गटातही काहींना वाटतं. तसं नाही, देशोदेशी ती वेगळी आहे आणि तिचं व्याकरण बोलीभाषेच्या व्याकरणाहून निराळं आहे. आता दुभाषी ताई यायला लागल्यात, त्याबद्दल गटाचे आभार. दोन विनंत्या. त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवू नका, मागून उजेड आला की हात काळे दिसतात, चेहरा दिसतच नाही. आणि माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघा. "तिला विचारा तिला काय वाटतं" असं दुभाष्यांना सांगू नका. तिला बरंच काही वाटतं.

खटखट

दोन्ही तक्रारी मान्य. चित्र मीच बनवलं होतं, कान धरते. मग बसून नियम केला: प्रत्येक सूचना साध्या टाइप केलेल्या अक्षरांत. फोटो टाकायचा तर खाली दोन ओळीत त्यात काय आहे ते लिहायचं, आवाजी निरोप टाकायचा तर सोबत मजकूर. सोपं आहे. पाळायला दोन आठवडे लागले, कारण सकाळी फुलांची चित्रं टाकणारे काही केल्या थांबेनात. आता तेही खाली लिहितात, "पिवळं फूल. शुभ सकाळ." सहा ठिपके दादांचा फोन रोज सकाळी त्यांना पिवळं फूल वाचून दाखवतो.

तिची_आई

मी सहसा वाचनमात्र असते. लेक १९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, चारही हातापायांवर परिणाम. बोलणं तुटक, पण समजतं सगळं.

मागच्या दाराच्या वादावर माझ्याकडे उत्तर नाही. बोचियाबद्दल सांगते, कारण गटात गेल्या काही महिन्यांपासून तो खेळ सुरू झालाय आणि खटखटताईंनी त्याचा उल्लेखही केला नाही. :)

पांढरा चेंडू आधी टाकतात, मग एकाने सहा लाल आणि एकाने सहा निळे त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. पॅरालिम्पिकमध्ये १९८४ पासून आहे. ज्यांना चेंडू फेकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून सोडतात. लेक त्या गटात. डोक्याला पट्टा, पट्ट्याला दांडी, दांडीने ती चेंडू ढकलते. पन्हळ हलवायला सहायक लागतो, ती मी.

आणि सहायकाने मैदानाकडे पाठ करून बसायचं, हा नियम. मागे वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही. ती सांगेल तेवढंच: डावीकडे, अजून, बस, वर. चेंडू गेला की मला नुसता आवाज येतो. लागला की चुकला ते मी तिच्या तोंडावर बघते.

पहिल्या दिवशी मला जमेना. एकोणीस वर्षं माझी नजर सतत तिच्या पुढे धावत आलेली, समोर काय येतंय ते तिच्या आधी मी बघायचं ही सवय. मी तीनदा वळले. तिसऱ्यांदा लेकीनेच ओरडून सांगितलं, "आई, नियम!" एवढा स्पष्ट शब्द तिने कित्येक दिवसांत काढला नव्हता. आता दर रविवारी मी तासभर भिंत बघते. भिंतीवरचा ओलीचा एक डाग पाठ झालाय.

फिजिओ_आहे_मी

छान धागा. बोचियाबद्दल वाचून आनंद झाला. गटासाठी एक उपयुक्त सूचना द्यावीशी वाटते. खुर्चीत दिवसभर बसणाऱ्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर काही सेकंद वर उचलावं, म्हणजे बेडसोअर (सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) होत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण एवढंही करत नाहीत.

चाकोरीबाहेर

फिजिओसाहेब, राग मानू नका. हे मी पहिली चार वर्षं इमानेइतबारे केलं. काही सेकंद वर, परत खाली. जखम झालीच, वर उजवा खांदा गेला. दबलेल्या कातडीत रक्त नीट परत खेळायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातांवर कोण लटकून राहणार? त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची, नाहीतर एका बाजूला टेबलावर कोपर टेकून रेलायचं. दोन मिनिटं निवांत. मी तेवढ्यात फोन बघून घेतो, कुणाला कळतही नाही.

आणि उशी. माझी जखम कशामुळे झाली ते सांगतो, गटात दर नव्या माणसाला सांगतोच. खुर्चीत बसायची हवेची उशी होती माझी, चांगली. घरी एका नातेवाइकाला वाटलं हवा कमी झालीय, बसतो तेव्हा दबते. प्रेमाने पंप मारून टम्म केली. मला खालचं काही जाणवत नाही, त्यामुळे मला वाटलं छान, उंच बसलोय. टम्म उशीवर माणूस उशीत बसत नाही, चेंडूवर बसावं तसा बसतो, सगळा भार दोन हाडांवर. आठ दिवसांनी अंघोळीनंतर आरशात बघितलं तर रुपयाएवढा लाल डाग. बोट दाबलं, सोडलं, डाग पांढरा पडला नाही. तेव्हाच झोपून राहायला हवं होतं. कामावर गेलो. पुढचे चार महिने पालथा पडून काढले.

हवा तपासायची ती बसल्यावर. हात उशी आणि माणूस यांच्या मध्ये घालायचा, बसायचं हाड सापडवायचं. त्याच्याखाली बोटभर, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर हवा राहिली पाहिजे. जास्त नको, कमी नको. दुरुस्तीच्या रविवारी मी हेच करतो, जमलेल्यांच्या खाली हात घालतो. पहिल्यांदा लोक लाजतात.

सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. आसपासच्यापेक्षा गडद, गरम किंवा टणक लागतंय का ते हाताच्या पाठीने बघायचं. आणि मधे भोक असलेली गोल रिंग कुणी प्रेमाने आणून दिली तर प्रेमाने परत करा. तिच्या कडेने रक्त अडतं.

फिजिओ_आहे_मी

मान्य. आम्हाला शिकताना ते उचलणंच शिकवलं गेलं आणि तेच पुढे सांगत राहिलो. खांद्याचा मुद्दा बरोबर आहे, खुर्चीवाल्यांचे खांदे आधीच चाकं फिरवून झिजलेले असतात. दुरुस्तीच्या रविवारी बाहेरच्यांनी आलेलं चालतं का? शिकवायला नाही, बघायला.

खटखट

या की. पान्यांचा सेट असेल तर घेऊन या, नसेल तर तसेच या.

उशीवरून आठवलं, गेल्या रविवारची बातमी राहिलीच. आमच्यात एक दादा आहेत, मानेच्या मणक्याची दुखापत. बोलता बोलता त्यांचं कपाळ घामाने डबडबलं, चेहरा लाल झाला, डोकं फुटतंय म्हणाले. दोघं जण त्यांना आडवं करायला धावले. चाकोरीबाहेर पलीकडच्या टोकाहून ओरडला, "आडवं नाही, सरळ बसवा!" पट्टा सैल केला, बुटाच्या नाड्या सोडल्या आणि खाली बघितलं तर लघवीच्या पिशवीची नळी पाय ठेवायच्या पट्टीखाली चिमटली होती. नळी मोकळी केली. दहा मिनिटांत माणूस माणसात आला.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर किंवा तिथेच दुखापत असेल तर हे होऊ शकतं. मूत्राशय तुंबलं, पोट साफ नसलं, कपडा काचला, तरी खालचं शरीर वेदना सांगू शकत नाही. त्याऐवजी रक्तदाब एकदम चढतो. कारण सापडलं नाही किंवा सापडूनही दाब उतरला नाही तर तडक दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. यांचा नेहमीचा दाबच कमी असतो, वरचा आकडा ९० ते ११०. म्हणून १५० दिसला तर "थोडासाच वाढलाय" म्हणून सोडून देतात, तो यांच्यासाठी धोक्याचा असतो. आता त्या दादांच्या खुर्चीच्या मागच्या खिशात एक कार्ड आहे: काय करायचं, नेहमीचा दाब किती. सहा ठिपके दादांनी त्याची ब्रेल प्रत काढलीय. ते म्हणतात, त्या वेळी जवळ मीच असलो तर?

आडवा प्रश्न

सगळं वाचलं. चांगलं काम आहे, पण एक विचारू? उशा, पंप, फळ्या, कार्डं... ही सगळी ठिगळं झाली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ ला मंजूर केला, ३ मे २००८ पासून तो लागू आहे. त्याचं ९ वं कलम म्हणतं की सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागा अपंगांना वापरता आल्या पाहिजेत. मग तीस माणसं सुतळी धरून दुसऱ्याच्या पायऱ्या का मोजत बसली आहेत? निवेदन द्या, पाठपुरावा करा, बोंब मारा. मागच्या दाराचा "वाद" तुम्ही आपसात घालताय आणि ज्याने पायऱ्या बांधल्या तो घरी आरामात आहे.

चाकोरीबाहेर

+१. हेच मी गेल्या बैठकीत अर्धा तास बोलत होतो.

खटखट

आडवा प्रश्न, प्रश्न सरळच आहे. निवेदनं देतो आम्ही, जुन्या जागेच्या लिफ्टसाठी तीन दिली. पण निवेदनातसुद्धा "रॅम्प गैरसोयीचा आहे" असं लिहिलं तर उत्तर येतं, "नोंद घेतली." "चढ एकास चार आहे, एकास बारा हवा, पायरीची उंची १५ सेंटिमीटर, सोबत नकाशा" असं लिहिलं की निदान समोरच्याला काहीतरी करावं किंवा नाही म्हणावं लागतं. सुतळी त्यासाठी.

दुसरं म्हणजे माझं स्वतःचं. पोलिओ होऊन चाळीसेक वर्षं झाली आणि आता चांगला पायही थकायला लागलाय. पोलिओनंतर इतक्या वर्षांनी असं होतं, त्याला नावही आहे, आणि जास्त रेटलं तर जास्त बिघडतं. मला दिवसाला मोजून पावलं मिळतात. ती पुढच्या दाराच्या लढाईत घालवू की बैठकीत बसण्यात, हा हिशेब मला रोज करावा लागतो. चाकोरीबाहेरचा हिशेब वेगळा येतो, त्याचं मला पटतंही. पण मी मागून जाणार.

तिची_आई

कलमांचा विषय निघालाच आहे तर. त्याच कराराचं १२ वं कलम मला एका पालकांच्या बैठकीत कळलं. अपंग माणसाला कायद्यापुढे बाकीच्यांइतकंच माणूस धरायचं आणि निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर ती द्यायची. "आमच्यानंतर हिचं काय" यावर आम्ही आईबाप दर वेळी बोलतो, रडतो, घरी जातो. मुलं बाहेर खेळत असतात. गेल्या वेळी पहिल्यांदा मुलांना आत बसवून विचारलं. लेक म्हणाली, तिला मावशीकडे नाही राहायचं. मी बारा वर्षं मावशीचं ठरवून बसले होते.

नवखा_०७

नमस्कार. हा धागा दोन दिवस वाचतोय. माझ्या वडिलांना सात महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू. आता काठी घेऊन घरात चालतात. बाहेर अजिबात पडत नाहीत. गटाचं सांगितलं तर म्हणाले, "मी काय अपंग आहे का?" त्यांना आणता येईल का? काही प्रमाणपत्र वगैरे लागतं का? आणि त्यांना उठवताना माझी पाठ भरून येते, त्यावर काही?

खटखट

प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. गटात येऊन तीन वर्षं झालेले एक काका अजून म्हणतात, मी फक्त सोबत म्हणून येतो.

उठवायचं फिजिओ सांगतील, पण दोन गोष्टी मीच सांगते. डावा हात धरून ओढू नका, कधीच नाही. अशक्त खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि ते दुखणं मग पाठ सोडत नाही. खुर्ची त्यांच्या उजव्या, म्हणजे धड बाजूला लावा, तिकडे वळणं सोपं जातं.

फिजिओ_आहे_मी

बरोबर. अजून एक: काठी कुठल्या हातात आहे? बरेच जण दुबळ्या बाजूला देतात. ती धड हातात हवी. आणि उंची: बूट घालून सरळ उभे राहिल्यावर हात खाली सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. तुम्ही उठवताना कंबरेतून वाकू नका, गुडघे वाकवा आणि त्यांना आधी खुर्चीच्या कडेला पुढे सरकू द्या, पाय मागे घेऊ द्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की मगच उठवा. अर्धं काम ते स्वतःच करतील.

नवखा_०७

नाक पायाच्या पुढे! हे कुणी सांगितलंच नव्हतं. आज करून बघितलं. काठीही चुकीची निघाली, चार इंच उंच.

खटखट

ताजी खबर. रॅम्प झाला, १ मीटर ६० चा, काकांनी स्वतः उभं राहून करून घेतला. वरून रखरखीत पट्ट्या मारल्यात, ओल्या कुबडीलाही घसरत नाही. कपाट सरकलं, त्याच्या दाराला खटकाही लागला. मागच्या दाराची आतली कडी काढून बाहेरून कुलूप बसवलं आणि किल्ली चाकोरीबाहेरकडे दिली. शिवाय ठरलं की सगळ्यांनीच मागून यायचं, चालणाऱ्यांनीसुद्धा. पुढचं दार बैठकीच्या वेळी बंद. एकाने कुरकुर केली की फार फिरून यावं लागतं. कुणी काही बोललं नाही, नुसते बघत राहिले त्याच्याकडे.

चाकोरीबाहेर

किल्ली मिळाली. वाद मिटलेला नाही. पुढच्या पायऱ्यांचं निवेदन मी लिहितोय, मापं ताईंकडून घेतली आहेत.

नवखा_०७

काल बाबांना घेऊन आलो होतो, फक्त जागा बघून येऊ म्हणून. मागच्या दारानेच आलो. :) आत दुरुस्ती चालली होती. बाबा आधी दाराशीच उभे. त्यांनी आयुष्यभर यंत्रांची कामं केलीत. एका खुर्चीचं पुढचं छोटं चाक फिरत नव्हतं, दोघं त्यात तेल घालत होते. बाबा पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, तेल नका घालू, केस अडकलेत. बसले, चाक मांडीत घेतलं, डावा हात नुसता वर ठेवून दाबून धरलं आणि उजव्या हाताने आसाभोवतीचे केस आणि दोरे ओढून काढले. मुठीएवढा गुंता निघाला. मग दुसरी खुर्ची, मग तिसरी. ब्रेक लागत नाही म्हणणाऱ्या एकाला त्यांनी झापलंसुद्धा, की चाकात हवा नसेल तर ब्रेक टेकणार कशाला.

गाडीत बसल्यावर काहीच बोलले नाहीत. रात्री विचारलं, पुढचा दुरुस्तीचा रविवार कधी आहे, आणि चिमटा आपला न्यायचा का.

खटखट

न्या. आमचा बोथट झालाय.